वाद्य घरपोच, पण सूर कोण लावणार?

नांदेड शहरातून निघून गोदावरीचा पूल ओलांडला आणि लातूर रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात विष्णुपुरी येते. नाव ऐकल्यावर बाकीच्या महाराष्ट्राला धरण आठवतं, उपसा सिंचन आठवतं. नांदेडकरांच्या लेखी मात्र विष्णुपुरी म्हणजे पोरांचं गाव. श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून इथं आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा ‘ज्ञानतीर्थ’ परिसर इथं आहे आणि शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथलंच. हजारो मुलंमुली, वसतिगृहं, मेस, झेरॉक्सची दुकानं, आणि संध्याकाळी फाटकाशी थांबणाऱ्या कुरिअरच्या गाड्या. त्या गाड्यांतून बूट उतरतात, पुस्तकं उतरतात, आणि अधूनमधून वर निमुळतं, खाली रुंद असं एक लांबट खोकं उतरतं. आत काय आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही.

गिटार! दोन-तीन रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघून, सीनियरना विचारून, मेसच्या पैशातून थोडे बाजूला टाकून मागवलेली. पहिले पंधरा दिवस साऱ्या मजल्यावर तेच एक गाणं आणि तेच तीन कॉर्ड. मग एके दिवशी सगळ्यांत बारीक तार तटकन तुटते. किंवा एप्रिल-मे येतो, पारा चाळिशी ओलांडतो, बंद खोलीत लाकूड आकसतं आणि मानेवरच्या पडद्यांची टोकं कडेनं बाहेर येऊन बोटांना ओरखडे काढू लागतात. उन्हात सरस मऊ पडला, तर तारांच्या ताणानं खालची घोडी उचलली जाते. माल परत करायची मुदत तोवर कधीच उलटून गेलेली असते. आता हे दाखवायचं कुणाला?

कुकरची शिट्टी गेली तर नवी मिळते, ती कुणीही बसवतो. वाद्याचं तसं नाही. कारखान्यातून निघालेलं वाद्य हा अर्धाच माल असतो. त्याला सुरात लावणं, वाजवणाऱ्याच्या हाताला बसवणं आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा ताळ्यावर आणणं, हा उरलेला अर्धा. वाद्यांच्या मोठ्या दुकानांनी जगभर नाव कमावलं, ते या उरलेल्या अर्ध्यावर.

आपल्याकडे याचं सगळ्यांत जुनं आणि ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या धोबी तलावावरचं फर्टाडोज. बर्नार्ड झेवियर फर्टाडो यांनी १८६५ मध्ये ते सुरू केलं. म्हणजे किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर यायला अजून पंधरा वर्षं होती. चर्चला लागणाऱ्या धार्मिक वस्तू आणि संगीताचं सामान, असा सुरुवातीचा माल. जागाही अचूक निवडलेली. धोबी तलावाच्या आसपास गोव्याहून आलेल्या खलाशांचे, आचाऱ्यांचे आणि वादकांचे ‘कूड’ होते, एकेका गावाच्या नावानं चालणारी ही बिऱ्हाडं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकलेली ही मंडळी मुंबईत पोलिसांच्या बँडमध्ये वाजवायची, मूकपटाच्या पडद्याखाली बसून वाजवायची आणि पुढं हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली. त्यांना तारा लागत, बो लागत, ट्रम्पेटचे भाग लागत, छापील स्वरलिपी लागे. दुकान चाललं ते या रोजच्या गरजेवर.

१९५० च्या दशकात दुकान गोम्स कुटुंबाकडं आलं. आज तो व्यवसाय मुंबई-गोव्यापुरता राहिलेला नाही. देशातल्या मोठ्या शहरांत त्याच्या शाखा आहेत, ऑनलाइन दुकान आहे, आणि पियानोपासून गिटारच्या पिकपर्यंत सगळं तिथं मिळतं. पण गल्ल्यापलीकडचं काम बघण्यासारखं आहे. पियानो विकायचा म्हणजे तो जिना चढवून पोचवायचा, तिथल्या हवेत काही दिवस मुरू द्यायचा आणि मग माणूस पाठवून जुळवून द्यायचा. पियानोला पट्ट्या ८८, पण तारा दोनशेहून जास्त. मधल्या आणि वरच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एकच बोलाव्या लागतात. मुंबईच्या दमट हवेत लाकडाची फळी फुगते, आकसते, की सूर हलले. म्हणून पियानो जुळवणारा माणूस, म्हणजे ट्यूनर, त्या घरी दरवर्षी येत राहतो. घरातली मुलं मोठी होऊन परदेशी जातात, तरी येतो.

परीक्षा हा या दुकानदारीचा दुसरा खांब. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आणि तिथल्याच रॉयल स्कूल्सच्या परीक्षा भारतात मुलं इयत्तेप्रमाणं ‘ग्रेड’ करत देतात. प्रत्येक ग्रेडचं पुस्तक वेगळं, अभ्यासक्रम काही वर्षांनी बदलणारा. पुस्तक घ्यायला आलेलं मूल शिक्षकाचा पत्ता विचारतं, शिक्षक वाद्य सुचवतो, आणि सगळे पुन्हा त्याच दुकानात येतात. २०११ मध्ये तनुजा गोम्स आणि धारिणी उपाध्याय यांनी ‘फर्टाडोज स्कूल ऑफ म्युझिक’ काढून हे वर्तुळ पुरं केलं. शाळांमध्ये जाऊन संगीत शिकवायचं, हा त्यांचा मुख्य उद्योग.

आपल्याकडच्या पेटी-तबल्याच्या दुकानांनाही परीक्षांचा असाच आधार आहे, फक्त त्याचा गाजावाजा नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या शिष्यांनी पुढं उभं केलेलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आज प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा घेतं. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत पहिली तबल्याची जोडी आली ती ‘प्रवेशिकेला बसायचंय’ म्हणून. बाप सायकल द्यायला कुरकुरतो, पण परीक्षेसाठी म्हटलं की तबला मिळतो. परीक्षेचा धाक आपल्याकडं कलेच्याही कामी येतो, याची मौज वाटते.

मग फर्टाडोजसारखी दुकानांची साखळी मराठवाड्यात का रुजत नाही? दुकान मोठं असलं की माल मोठा लागतो, आणि माल मोठा असला की तो फिरावा लागतो. लाखांचा पियानो किंवा ड्रमसेट वर्षभर काचेमागं बसून राहिला तर भाडं निघत नाही. अमेरिकेतल्या ‘गिटार सेंटर’ची गोष्ट या बाबतीत शिकण्यासारखी आहे. १९५९ मध्ये हॉलिवूडमध्ये घरगुती ऑर्गन विकणारं एक दुकान म्हणून ते सुरू झालं, पुढं गिटारवर आलं आणि देशभर पसरलं. वाद्यं विकायची, शिकवायची, भाड्यानं द्यायची, दुरुस्त करायची, सगळं एका छपराखाली. तरीही डोक्यावर कर्ज चढलं आणि २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून त्यातून सावरावं लागलं. जिथं हायस्कूलच्या पोरानं गॅरेजमध्ये बँड काढणं हा रिवाज आहे, तिथं ही गत. नांदेडात कुणी असं दुकान थाटायचं म्हटलं, तर त्यानं आधी गिऱ्हाइकाची यादी नीट बघावी.

ती यादी मात्र मोठी मजेशीर आहे. नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये याच गावात राहिले आणि इथंच त्यांचं निर्वाण झालं. गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनात रागी जथ्थ्याकडं साधारणपणे दोन पेट्या आणि तबला असतो. शीख मंडळी पेटीला ‘वाजा’ म्हणतात. २०२२ मध्ये अमृतसरला अकाल तख्तानं सांगितलं, की तीन वर्षांत सुवर्णमंदिरातलं हार्मोनियमचं कीर्तन थांबवा आणि रबाब, सारंदा, दिलरुबा, ताऊस अशी जुनी तंतुवाद्यं परत आणा. ही वाद्यं बनवणारे आणि जुळवणारे हात देशभरातच थोडे. आदेश निघतो एका दिवसात. कारागीर तयार व्हायला किती वर्षं लागतात, ते कारागिरालाच विचारावं.

नांदेडच्याच जिल्ह्यात माहूरची रेणुका आहे. तिच्या गोंधळाला संबळ आणि तुणतुणं हवं. लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. तिथं वाघ्याच्या हातात दिमडी, मुरळीच्या हातात घाटी. गावोगावच्या सप्ताहाला वीणा, टाळ, मृदंग. लग्नात हलगी, वरातीला ब्रास बँड. भीमजयंतीला आणि जागरणाच्या पार्टीत आता ऑक्टापॅड आणि ‘कॅसिओ’. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, इकडं त्याला कॅसिओच म्हणतात. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात तर हे सगळंच एका मंडपात येतं. लोकवाद्यवृंदाच्या स्पर्धेत मुलं संबळापासून शंखापर्यंत काय काय घेऊन येतात, आणि शेजारच्या मंचावर पाश्चात्त्य गायनाची गिटार जुळत असते. ही एवढी वाद्यं कुठल्याही साखळीच्या सूचीत मावणार नाहीत.

यातल्या प्रत्येकाची वाट वेगळी. बँडचं पितळ येतं मेरठहून. तिथल्या नादिर अली कंपनीचं काम १८८५ पासून चालू आहे. पेटीच्या पितळी सुरांसाठी गुजरातेतलं पालिताणा प्रसिद्ध; देवदर्शनाला जाणाऱ्या जैन यात्रेकरूंना बहुधा या उद्योगाचा पत्ताही नसतो. ऑक्टापॅड जपानच्या रोलंड कंपनीचा. यामाहानं २०१९ पासून चेन्नईजवळ कारखाना चालवून कीबोर्ड आणि गिटारी इथंच बनवायला घेतल्या, आणि भारतीय ताल भरलेले कीबोर्ड तर त्यांनी आणि कॅसिओनं आधीपासूनच विकायला आणले होते. दादऱ्याचं बटण असलेलं यंत्र जपानी कंपनीला काढावंसं वाटलं, यात भजनी मंडळांचा आणि ऑर्केस्ट्रांचा वाटा मोठा आहे.

कराच्या बाबतीतही कारखान्याची वाद्यं आणि हातानं घडवलेली वाद्यं या दोन दुनिया वेगळ्या पडल्या. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा वाद्यांवर २८ टक्के कर बसला, त्याच वर्षी नोव्हेंबरात तो १८ वर आला. हातानं बनवलेल्या देशी वाद्यांना मात्र शून्य.

तंबोऱ्याच्या वाटेबद्दल लातूरकरांना एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. बार्शी लाइट रेल्वे नावाची अरुंद गाडी १८९७ मध्ये बार्शीपासून सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये दुसरं टोक पंढरपूरवरून मिरजेला जाऊन भिडलं. सव्वातीनशे किलोमीटरची ती लाइन. लातूरच्या अडतीतून माल न्यायला आणि पंढरीला वारकरी पोचवायला ती घातली, असंच आपण म्हणतो. पण वाद्यांच्या नजरेनं पाहिलं तर ती फार नेमक्या गावांतून जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात कडू भोपळा पिकतो, आणि मिरजेत त्याचे तंबोरे होतात. लातूर त्याच रुळांच्या दुसऱ्या टोकाला. गाडी आता रुंद झाली, पण मिरज आजही लातूरकरांना एकाच रेल्वेच्या अंतरावर आहे.

मिरजेची कहाणी तलवारीपासून सुरू होते. शस्त्रांना धार लावणाऱ्या, ती दुरुस्त करणाऱ्या शिकलगार घराण्यांतले फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वाद्यांकडं वळले. इंग्रजी अमलात शस्त्रांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं आणि पटवर्धनांच्या संस्थानात गवयांचा राबता होता. आधी दुरुस्ती, मग नवा तंबोरा, असा तो प्रवास. या धंद्याची सुरुवात दुरुस्तीनं झाली, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी. पुढं अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि त्या काळातल्या सगळ्यात चोखंदळ कानाचा शेजार या कारागिरांना लाभला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्याचा भोपळा हा भाजीचा भोपळा नव्हे. तो वेलावर पूर्ण वाळू द्यायचा, महिनोन् महिने तसाच ठेवायचा. मग तोंड कापून, पाण्यात भिजवून, आत कामट्या घालून हव्या त्या आकाराला आणायचा. त्याला तुणाच्या लाकडाची दांडी आणि तबली जोडायची. पण हे सगळं झालं तरी तंबोरा बोलत नाही. तो बोलतो जवारीनं.

जवारी म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहायला हवं. तबलीवर एक रुंद घोडी असते, तिच्या माथ्यावरून चारही तारा जातात. तो माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला डोळ्यांना जेमतेम कळेल एवढा उतार असतो. तार छेडली, की ती त्या उताराला पुन्हापुन्हा चाटत थरथरते, आणि एका स्वरातून अनेक स्वरांचा तो गुंजारव सुटतो. कारागीर हा उतार कानसीनं घासतो. दोन हात मारतो, तार चढवतो, छेडतो, मान हलवतो, तार उतरवतो, पुन्हा दोन हात. शेवटी घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतो. त्याला ‘जीवा’ म्हणतात. दोरा केसभर इकडं सरकला की आवाज मिटतो, केसभर तिकडं सरकला की उमलतो. वाजवून वाजवून तार घोडीत खाच पाडते आणि काही काळानं जवारी पुन्हा काढावी लागते. हे काम पार्सलनं होत नाही. गवयाला शेजारी बसवून, त्याच्या पट्टीत, त्याच्या कानाला विचारत करावं लागतं.

तबल्याचंही तसंच. शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि खळ यांचा लेप. तो थरावर थर देऊन, दगडानं घोटून, तडे पाडून बसवलेला असतो. या काळ्या वर्तुळामुळं कातड्यातून तालासोबत चक्क स्वर निघतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहून जगाला हे सांगितलं, की भारतीय तालवाद्यांत तंतुवाद्यांसारखे सुसंगत उपस्वर निघतात. कारागिरांना ते त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. पावसाळ्यात कातडं ओल धरतं, स्वर उतरतो, गट्ठे ठोकून चढवावा लागतो. मग ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि गट्ठे तसेच वर राहिले, की पुडी ताणून फाटते. मराठवाड्याचा उन्हाळा पुड्यांचा वैरी आहे. वापर नसेल तेव्हा तबला थोडा उतरवून, कापडात गुंडाळून ठेवावा, एवढी साधी गोष्टही ऑनलाइन खोक्यात कुणी लिहून पाठवत नाही.

आणि पेटी. मूळची ही बाई परदेशी. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांडर दब्याँनं तिचं पेटंट घेतलं, कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून, एका हातानं भाता मारून वाजवता येईल असं रूप दिलं. मराठी माणसानं तिला इतकं आपलं केलं, की ती ‘हार्मोनियम’ न राहता नुसती ‘पेटी’ झाली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांनी तिला मैफलीत मान दिला. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ तिला दार बंद ठेवलं, तरी घराघरांतून ती हलली नाही. उलट मुंबईत हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारखी पेढी १९२५ पासून पेट्या घडवत, विकत आणि दुरुस्त करत राहिली. दादरच्या त्यांच्या दुकानात बाहेरगावाहून पेटी घेऊन आलेला माणूस दिसणं, यात नवल काही नाही.

पेटीच्या पोटात प्रत्येक पट्टीमागं पितळी सूर असतात. पितळेच्या पट्टीत एक फट, तिच्यावर एका टोकाला रिवेट मारलेली पातळ जीभ. हवा गेली की जीभ फडफडते आणि स्वर निघतो. दुहेरी सुरांच्या पेटीत खर्ज आणि नर, तिहेरीत त्यांच्यासोबत मादी. साडेतीन सप्तकांची दुहेरी पेटी म्हटली, की ऐंशीपेक्षा जास्त जिभा झाल्या. जीभ टोकाशी किंचित खरवडली की हलकी होते आणि स्वर चढतो. रिवेटच्या बाजूला खरवडली की मऊ पडते आणि स्वर उतरतो. कारागीर जिभेखाली पोलादाची पातळ पट्टी सरकवतो, खरवडतो, फुंकतो, सूर जागेवर बसवतो आणि जोडीचा सूर दाबून ऐकतो. दोघांत फरक असेल तर आवाज हेलकावे खातो. हेलकावे लांबत लांबत थांबले, की जुळलं. एकदा खरवडलेलं पितळ परत येत नाही, त्यामुळं इथं घाई करणाऱ्याचं काम नाही. नवशिक्याच्या हाती पेटी दिली आणि सगळे सूर खरवडून पातळ झाले, अशा पेट्या मराठवाड्यातल्या देवळांत शोधायला नकोत. कोपऱ्यात पडलेल्या आपोआप दिसतात.

बरं, पेटी बिघडते कशानं? बहुतेक वेळा फार साध्या कारणानं. धूळ जाते. भात्याचं चामडं उंदीर कुरतडतात. सप्ताहात उदबत्तीची राख आणि अबीर आत जातो, एक सूर मुका होतो. भजनी मंडळ म्हणतं, पेटी गेली, वर्गणी काढा, नवी घ्या. ऑनलाइन स्वस्तातली दिसते, चकचकीत पॉलिश, नऊ खुंट्या, वर स्केल चेंजर. ती येते आणि वर्षभरात तिचा भाता श्वास सोडतो. जुन्या, जाड पितळाच्या सुरांची पेटी माळ्यावर धूळ खात पडते, आणि तिच्या निम्म्या जिवाची नवी पेटी देवासमोर बसते. हा सौदा तोट्याचा आहे, आणि गावोगाव तो होतो आहे.

साखळी दुकानांना सरसकट नावं ठेवण्याचं कारण नाही. पंचवीस वर्षांपूर्वी नांदेडच्या मुलाला चांगली गिटार बघायची तर मुंबई-हैदराबाद गाठावं लागे. आज विष्णुपुरीच्या वसतिगृहात बसून तो दहा गिटारींची तुलना करतो, किंमत छापील असते, आणि तारांचा जुडगा, कॅपो, केबल या बारीक गोष्टी आठवड्यात हातात पडतात. खेड्यातल्या कीबोर्ड वाजवणाऱ्या पोराला अडॅप्टर जळाल्यावर महिनाभर कार्यक्रम बुडवावे लागत नाहीत. मालाच्या बाबतीत अंतर मिटलं, ते या लोकांमुळं. सूर लावणाऱ्या हाताच्या बाबतीत ते होतं तेवढंच आहे.

म्हणून घेणाऱ्यानं थोडं शहाणपण धरावं. यंत्राचं वाद्य, म्हणजे कीबोर्ड, पॅड, इलेक्ट्रिक गिटारचा अॅम्प्लिफायर, खुशाल नावाजलेल्या साखळीतून किंवा ऑनलाइन घ्यावं. तिथं कंपनीची हमी कामाला येते. कातड्याचं, भोपळ्याचं आणि पितळी सुरांचं वाद्य मात्र हातात घेऊन, वाजवून, आपल्या पट्टीत ऐकूनच घ्यावं. ‘तबला पाहिजे’ एवढंच सांगून भागत नाही. तोंड जितकं लहान तितका स्वर चढा. काळी एकमध्ये गाणाऱ्याला साधारण साडेपाच इंचांच्या आसपासचा तबला लागतो. पांढरी चारसाठी मोठ्या तोंडाचा मागवून मग ठोकून ठोकून चढवायला गेलं, की पुडीच फाटते. वारकरी भजन पार काळी चार-पाचला जातं, तेव्हा मृदंगवाल्याला पट्टी आधी सांगून ठेवावी. वाद्य विकत घेताना दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारावा: दुरुस्तीला कुठं आणायचं? या प्रश्नावर जो गडबडतो, त्याच्याकडून तारा घ्याव्यात, वाद्य घेऊ नये.

विद्यापीठाकडंही एक मागणं आहे. विष्णुपुरीच्या परिसरात कलांचं शिक्षण आहे, आणि दोन पावलांवर यंत्र, धातू, लाकूड, ध्वनी यांचा अभ्यास करणारी अभियांत्रिकी संस्था आहे. पेटीचे सूर जुळवणं, तबल्याची पुडी चढवणं, गिटारचे पडदे घासणं, याचा तीन महिन्यांचा का होईना, एखादा अभ्यासक्रम या दोन आवारांच्या मध्ये बसायला हरकत नाही. शिकवायला मिरजेचा, नांदेडचा, लातूरचा कारागीर बोलवावा, आणि त्याला मानधन प्राध्यापकाइतकं द्यावं.

तोवर भजनी मंडळांनी एवढं करावं. माळ्यावरची जुनी पेटी खाली काढावी. दसरा-दिवाळी उलटून हवा कोरडी झाली, की ती जवळच्या जाणत्या कारागिराकडं न्यावी, कारण पावसात चिकटवलेल्या भात्याचा सरस नीट वाळत नाही. नेताना सोबत मंडळाचा गाणारा माणूस न्यावा, आणि नव्या पेटीची वर्गणी पेटी उघडून आतलं पितळ बघितल्यानंतरच काढावी.